झोळीतला वरवंटा

मी घरबसल्या समुपदेशन करते. बदनापूरला आमच्या माडीवरच्या खोलीत एक टेबल, एक फिरती खुर्ची आणि लॅपटॉप, एवढंच माझं दुकान. आमचे जगन्नाथराव थट्टा करतात, की तू पंख्याखाली बसून दुसऱ्यांना घाम पुसायला शिकवतेस. करू देत. मुलांपायी होणारी चिडचिड, बाळंतपणानंतरची उदासी, उडालेली झोप, असलं सगळं माझ्याकडे येतं. मला मुळातच चौकशीची खोड, त्यामुळे कंटाळा कसा तो येत नाही.

दैवशालाला माझा नंबर त्यांच्या गावच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी दिला. हसनाबादची, शेतकरी घरातली पहिलटकरीण. घरात बोलायला आडोसा नाही, म्हणून ती दुपारी लेकराला घेऊन शेतातल्या आखाड्यावर यायची आणि तिथून व्हिडिओ कॉल लावायची. आखाडा म्हणजे पत्र्याची एक खोली, मागे मोसंबीची बाग, आणि खोलीत वरच्या लाकडाला लुगड्याची झोळी टांगलेली. तिचं दुखणं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"मॅडम, सगळं करून राह्यले मी ह्याचं. पण हे लेकरू मला माझं वाटतच न्हाई."

असं पुष्कळ जणींना होतं, त्यात पाप काही नाही, हे मी तिला समजावलं. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडेही पाठवलं. तरी तिच्या पोटात काहीतरी अडकलं होतं, ते बाहेर येईना. तेव्हा मी आमचा एक नेहमीचा प्रयोग सुचवला. समोर रिकामी खुर्ची ठेवायची, ज्याच्याशी बोलायचं ते माणूस तिथे बसलंय असं समजायचं आणि मनातलं सगळं बोलून मोकळं व्हायचं. आखाड्यावर खुर्ची नव्हती. मी म्हटलं, झोळी आहे की. लेकरू सासूबाईंकडे द्या आणि झोळीशी बोला.

ती बागेत बसलेल्या सासूकडे लेकरू देऊन आली. पण झोळी रिकामी नव्हतीच. लेकरू उचललं की त्याच्या जागी वरवंटा ठेवायचा, ही त्यांच्या घरची रीत. झोळी रिकामी सोडायची नाही, रिकामी हलवायची तर मुळीच नाही. का, ते कुणाला विचारलं तर कुणी सांगत नाही. मला हसू आलं. दगडाशी काय बोलणार बाई, काढा तो, असं मी म्हटलं. तिने आधी दाराकडे पाहिलं, मग वरवंटा काढून खाली ठेवला.

आणि ती बोलायला लागली. तुझ्यापायी माझी झोप गेली, माझं शिवणकाम सुटलं, मला कुणी विचारेना झालं, सगळे येतात ते तुला बघायला. रडत रडत बोलत राहिली. बोलता बोलता सवयीने तिचा हात दोरीकडे गेला आणि झोळी हलू लागली. मला ते दिसत होतं. पण बाई पहिल्यांदाच मोकळी होत होती, आणि खरं सांगायचं तर पुढे काय होतं याची मला उत्सुकता लागली होती. आधी ते लुगडं वाऱ्यावर उडावं तसं भिरभिरत होतं. हळूहळू ते एका लयीत यायला लागलं. मग मधोमध ताणलं गेलं, खाली उतरलं, आणि वरचं लाकूड करकरायला लागलं.

मी विचारलं, "वरवंटा परत ठेवलात का?"

"न्हाई मॅडम... हे काय, माझ्या पायाशीच हाये."

कॅमेऱ्याचा कोन असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या भेटींत दैवशाला ओळखू येईना. तोंडावर तेज, डोक्याला तेल, आवाजात गोडवा. बोलताना एक हात कायम दोरीवर. मी माझीच पाठ थोपटून घेतली. आणि मग एका दुपारी चतुराबाईंचा, तिच्या सासूबाईंचा, फोन आला. सून लेकराकडे ढुंकून बघत नाही, त्याला वरच्या दुधावर ठेवलंय, आणि ही दिवसभर आखाड्यावर रिकामी झोळी हलवत बसते, असं त्या सांगत होत्या. मुलगा मच्छिंद्र चिडलाय. लेकरू इथे ठेवून हिला कायमची माहेरी धाडायची म्हणतोय.

"एकडाव येऊन बघा, बाई," त्या म्हणाल्या. "माझं न्हाई ऐकत ती. तुमचं ऐकंल."

माझ्या सांगण्याने एका बाईचं लेकरू तुटणार, या विचाराने मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी जगन्नाथरावांना गाडी काढायला लावून मी हसनाबाद गाठलं. त्यांना गाडीतच बसवून बांधावरून आत गेले. भर दुपार. बागेला बहार आलेला, पण आखाड्याजवळ गेले तसा फुलांचा वास मागे पडला आणि ओव्याच्या धुरीचा वास यायला लागला, न्हाऊ घातलेल्या बाळाला देतात तसल्या धुरीचा. चतुराबाई नातवाला घेऊन दाराबाहेरच उभ्या होत्या. ते लेकरू आईकडे हात करून रडत होतं.

दैवशाला आत झोळीपाशी बसली होती. झोळी चांगली खाली आलेली. आत काय आहे ते पाहायची मला अनावर इच्छा झाली, मी वाकलेसुद्धा. तिने लुगड्याची कड हळूच झाकून घेतली.

"नका बघू, मॅडम... आत्ता निजलंय."

असल्या वेळी माणसाशी वाद घालायचा नसतो, त्याच्या बाजूने चालायचं असतं, हे आमच्या शिक्षणातच असतं. बाहेर तुमचा मुलगा रडतोय, त्याला का घेत नाही, असं मी विचारलं.

ती कळवळून म्हणाली, "घेऊ कसं? ह्याला खाली ठिवलं की हे रडतंय... कुणी घेतच न्हाई ह्याला."

"आणा इकडे," मी म्हटलं. "मी घेते. तुम्ही त्याला घ्या."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग झोळीत दोन्ही हात घालून काहीतरी उचललं आणि जपून माझ्या हातांवर ठेवलं. तिच्या हातांत काही नव्हतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आणि माझे हात खाली गेले. ऊन ऊन वजन होतं. माझ्या कोपराच्या खळगीत काहीतरी टेकलं आणि सुस्कारा सोडून स्थिरावलं.

तोवर दैवशाला धावत बाहेर गेली होती. मुलाला तिने सासूच्या हातून ओढूनच घेतलं. चतुराबाई पदराने डोळे पुसत होत्या. दैवशालाची चोळी दुधाने भिजली होती, आणि ती मुलाचे तळवे गालाला लावून हसत होती. मला मनापासून आनंद झाला, अजूनही आहे. मी हात खाली सोडायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही.

गाडीत जगन्नाथरावांनी विचारलं, हात असा का धरलास, लचकला का? खड्ड्याखड्ड्यांतून गाडी पिटाळणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी घरापर्यंत गाडी हळू चालवली, एकदाही हॉर्न वाजवला नाही. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीर्थपुरीची प्रीती नावाची नवी मुलगी कॉलवर आली. तिची दोन मुलं, नवऱ्याची नोकरी बाहेरगावी, रागाच्या भरात हात उगारला जातो म्हणून ती घाबरलेली. चांगली बोलत होती. बोलता बोलता थांबली आणि संकोचून म्हणाली,

"मॅडम, आपण मंग बोलू का? तुमचं बाळ उठलं वाटतं..."

मी खाली पाहिलं नाही. इतका वेळ आपण खुर्चीवर बसल्या बसल्या झुलतोय, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी झुलायची थांबले. तसं ते रडणं मलाही ऐकू आलं.