तुलोउ

सुवा शहरातली आमची नाइवी वस्ती म्हणजे जेमतेम एक उतार. वर टेकडीवर गोऱ्या साहेबांचे जुने बंगले, मधे हिंदुस्थानातून करारावर ऊसतोडीला आणलेल्या गिरमिटियांच्या नातवंडांची, म्हणजे आमची, पत्र्याची घरं, आणि तळाला बाजाराला लागून डांबरी मैदान. तिथे पूर्वी खाडी होती. खारफुटीच्या कडेने सॉलोमन बेटांवरून आणलेल्या मजुरांच्या झोपड्या होत्या. एका वादळात त्या बुडाल्या आणि सगळी माणसं बाहेर काढायच्या आतच वरून भराव पडला.

बसलेल्या माणसाच्या मागून जायचं तर वाकून ‘तुलोउ’ म्हणायचं, ही फिजीची रीत. नाइवीत आम्ही त्या रिकाम्या मैदानावरही म्हणतो. शाळेतली पोरं म्हणतात, हमाल म्हणतात, ते तर ओझ्याने आधीच वाकलेले. खाली माणसं बसलीत ना!

माझा अविनेश ब्रिस्बेनहून मला न्यायला आला होता. एकुलता एक. आई गेल्यावर बापाला एकटं ठेवणार नाही म्हणून हट्टच धरून बसला होता. दुपारी यांगोनाची, इथे पाण्यात कालवून पितात त्या मुळीची, पूड आणायला आम्ही खाली उतरलो. मैदानाच्या कडेला आमची शेजारीण मेरेसेइनी कसाव्याचे कंद सोलून विकत बसली होती. मी वाकलो, तो ताठच.

“पापा, डांबराची कसली माफी मागता?”

“म्हण की! तोंड झिजतं का तुझं?”

“ब्रिस्बेनला रस्ते पाय ठेवायलाच असतात,” म्हणत त्याने मधोमध टाच आपटली.

मेरेसेइनीच्या हातातली सुरी थांबली. “सुरुजभाई, त्याला मागे बोलवा. पाण्यात राहून माशाशी वैर नको.”

“मावशी, तुमचा कसावा सुकतोय बघा!” तो हसला. मला राग आला, आणि खरं सांगतो, भीतीही वाटली.

संध्याकाळी तो खुर्चीवर बसेना. जमिनीवर मांडी घालून, मान खाली घालून बसून राहिला. घरभर ओहोटीच्या चिखलाचा वास सुटला होता.

“पापा... वर कोण चालतंय?”

“वर पत्रा आहे, बेटा. मांजरसुद्धा नाही.”

“डोक्यावरून चालतायत... सगळेच. सांगा ना त्यांना...”

त्याचा हात ओला आणि गार लागला. मी तो दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. सकाळीच विमानतळ गाठू म्हणालो. पहाटे केव्हातरी माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा हात रिकामे होते. त्याच्या चपला मैदानाच्या मधोमध सापडल्या, कुणाच्या दाराबाहेर काढाव्यात तशा, नीट जोडीने. डांबराला साधी चीरही नव्हती. पोलिसांनी सगळं बंदर पालथं घातलं.

मी ब्रिस्बेनला गेलो नाही. कसा जाऊ? रोज खाली जातो, वाकतो आणि माझ्याच लेकराला ‘तुलोउ’ म्हणतो. मेरेसेइनी तेवढा वेळ तोंड फिरवून बसते.

काल दिवेलागणीला ओसरीवर जमिनीवर बसून तांदूळ निवडत होतो. अचानक चिखलाचा वास आला. पाठीमागून काहीतरी गार, वाकून सरकत गेलं... आणि अगदी कानाशी माझा अविनेश अदबीने म्हणाला,

“तुलोउ, पापा.”

माझी पाठ तर भिंतीला टेकलेली होती.