चित्राच्या कोपऱ्यातला माणूस

राधिका न्यू जर्सीतल्या त्या संग्रहालयात शिरली होती ती खरं तर वॉशरूम शोधत. परतताना एका भल्यामोठ्या जुन्या चित्रापाशी थबकली. मधोमध मेरी, मांडीवर बाळ येशू, दोन्हीकडे संतमंडळी... आणि खाली कोपऱ्यात गुडघे टेकलेला एक इवलासा माणूस.

"हा कोण बिचारा?" ती स्वतःशीच पुटपुटली.

"त्यानेच हे चर्चसाठी करवून घेतलं," मागून चक्क मराठीत उत्तर आलं. गळ्यात गाइडचा बिल्ला, त्यावर नाव नकुल. स्वारी इथेच जन्मलेली, त्यामुळे अनोळखी मुलीशीही सरळ 'तू'वर आली. "त्याची मुलगी आजारातून बरी झाली, म्हणून. आता बघ, सगळे बाळाकडे बघतायत. आणि बाळ कुणाकडे बघतंय?"

"अगंबाई... त्याच्याकडेच! म्हणजे नवस फेडतोय की हा!"

"नवस म्हणजे?"

तिनं समजावलं. नकुलनं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. "इतकी वर्षं एक्सप्लेन करतोय, यार... पण हा शब्दच नव्हता माझ्याकडे."

मग काय, दर शनिवारी राधिका जवळच्या वेस्ट विंडसरमधल्या घरून त्याच्या टूरला हजर! मेरीच्या पायाशी लिली कशाला, तर ती पावित्र्याची खूण. बाळाच्या मुठीत पक्षी कशाला, तर ती पुढे सोसायच्या दुःखाची. अमेरिकेत आल्यापासून जो तो तिला कंपनी विचारी, व्हिसा विचारी. 'तुला काय दिसतं?' असं विचारणारा हा पहिलाच. त्याबद्दल तिला मनापासून कृतज्ञता वाटे.

अन् नेमकी तिची देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलला बदली झाली. शेवटच्या शनिवारी, टूर संपून लोक पांगल्यावर, ती त्याच चित्रापाशी त्याच्यापुढे उभी राहिली. फक्त आभार मानायचे, बाकी चकार शब्द काढायचा नाही, असं घोकून आली होती.

"थँक यू म्हणायला आले. सनीव्हेलला शिफ्ट होतेय मी."

"एवढंच?"

"नाही... तू आवडतोस मला. आता हस हवं तर."

तो हसला नाही. कान मात्र लालबुंद झाले. "आधी टूर या चित्रापासून सुरू व्हायची. मी रूट बदलला. इथे संपवली की तू बोलत थांबतेस ना... म्हणून."

राधिकाचे डोळे भरून आले. किती दिलं होतं या माणसानं, तेही न सांगता! "मग... जाऊ नको म्हणशील?"

"छे, जा ना. मस्त जॉब आहे. मी... सोडायला येऊ? ड्राइव्ह करून?"

"एअरपोर्टला?"

"सनीव्हेलला."

राधिकानं विमानाचं तिकीट तिथेच, उभ्याउभ्या कॅन्सल केलं.