चेतनचं धुकं

माझ्या धाकट्या भावाने बनवलेलं धुकं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा हात आपोआप ओढणीकडे गेला. पडद्यावरचंच ते, पण गार वाटलं. जहाजं चालवायच्या त्या कॉम्प्युटर गेममध्ये मुळात जे धुकं होतं, ते म्हणजे काचेला फासलेला चुना. चेतनने ते काढून स्वतःचं घातलं. पाण्यालगत दाट, वर विरळ, मध्येच फाटणारं आणि पुन्हा मिटणारं. कुठकुठल्या देशांतले लोक ते उतरवून घेत होते. मी म्हणाले, "बरं जमलंय." आमच्या घरात याहून जास्त कौतुक करत नाहीत, पण मला त्याचा फार अभिमान वाटला.

मी खडकीला कारखान्यात तपासणी विभागात आहे. एकाने मोजायचं, दुसऱ्याने पुन्हा मोजून सही करायची, ही आमची पद्धत. चेतनने ती उचलली. डिसेंबरभर रोज सकाळी सहाला तो क्वार्टरच्या गॅलरीतून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचे दिवे मोजायचा. एकूण अकरा. धुक्यात किती दिसले ते वहीत लिहायचा आणि मी मोजून सही करायचे. त्या आकड्यांवरून तो गेममधलं धुकं जुळवायचा.

दिवे मोजायची सवय पप्पांची. ते मालवाहू जहाजावर इंजिनात कामाला होते. रजेवर आले की याच गॅलरीत उभे राहून विचारायचे, "आज किती दिवे?" नऊ वर्षांपूर्वी त्यांचं जहाज धुक्यात बुडालं. बाकीचे सापडले, पप्पा नाहीत. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी मी खिळा ठोकून ठेवलाय, पण पप्पांचा फोटो अजून कपाटातच. "गेलेल्यांचा लावतात," आई म्हणते, आणि विषय संपतो. या नऊ वर्षांत ती एकदाही रडलेली नाही. मला त्याचीच भीती वाटायची.

एका रविवारी दुपारी चेतनने हाक मारली. "ताई, जरा ऐक."

पडद्यावर नुसतं धुकं होतं. त्यातून भोंगा आला, लांब. लगेच दुसरा. दोन मिनिटांनी पुन्हा तसेच दोन.

"आवाज छान घातलास."

"मी आवाज घातलेलाच नाही."

मी तपासणीला बसले. त्याच्या सगळ्या फायली एकेक करून पाहिल्या, आवाजाची एकही नव्हती. त्याचं धुकं काढलं की भोंगा बंद, घातलं की सुरू. त्याने इतर खेळणाऱ्यांना विचारलं, तर कुणालाच ऐकू येत नव्हतं. शेवटी मी स्पीकरची वायर उपटली.

दोन भोंगे झाले.

आई पिठाच्या हातांनी दारात उभी होती. भोंग्यांचा अर्थ तिला पप्पांनीच शिकवला होता. धुक्यात एक लांब भोंगा म्हणजे जहाज चालतंय, दोन म्हणजे जागीच थांबलंय.

"थांबलेत," ती म्हणाली.

"अगं आई, गेम आहे हा."

"नऊ वर्षं थांबलेत. मी सोडत नाही म्हणून."

तिने हात धुतले. कपाटातून फोटो काढून स्वतः खिळ्याला लावला, मेणबत्ती पेटवली, आम्हाला शेजारी बसवून त्रिसरण म्हटलं. मग हमसून हमसून रडली. मीही रडले. भोंगा थांबला होता. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही दोघं सवयीने गॅलरीत आलो. आभाळ स्वच्छ होतं. कॉम्प्युटर बंद होता. दिवे अकरा. मी सही केली.

नदीकडून भोंगा आला. एकच, लांब.

"रेल्वे असेल," मी म्हणाले.

चेतन घड्याळाकडे बघत राहिला. दोन मिनिटांनी पुन्हा एकच.

नदीकाठचा दिवा दिसेनासा झाला. मग त्याच्या अलीकडचा.

"किती?" आईने आतून विचारलं.

"आठ," चेतन म्हणाला.

मी पुन्हा मोजले. सात.

आई बाहेर आली. रस्त्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि आत भिंतीकडे वळली.

"चेतन, तो फोटो उतरव आधी," ती म्हणाली. "बघितला तर काय वाटेल त्यांना?"