एक नंबरचं बटण

"देवरावकाका आहेत का घरी? त्यांचं कौतुक करायचं होतं."

दारात एक उंच, घामाघूम तरुण उभा होता. खांद्याला बॅग, गळ्यात कार्ड — अश्विन. डोकं दुखत होतं म्हणून मी त्या दिवशी गांधीबागेतल्या साड्यांच्या दुकानातून लवकर आले होते. नाहीतर ही भेट झालीच नसती.

"कौतुक? कशाचं?"

"मी मीटरवाला. आधीच्या चंद्रभानभाऊंच्या जागी आलो. काका रोज सातले बातम्या लावतात, आपलं बटण दाबतात, साडेसातले बंद. एक दिवस चुकत नाही! असा मेंबर साऱ्या नागपुरात नाही."

मी दाराची चौकट घट्ट धरली. बाबांना जाऊन चार महिने झाले होते.

कोण काय पाहतं ते कंपनीला कळावं म्हणून आमच्या टीव्हीला एक मीटर लावलंय. घरातल्या प्रत्येकाला एक नंबर — बाबा एक, आई दोन, मी तीन. पाहुण्यांचं बटण वेगळं. टीव्हीसमोर बसलं की दाबायचं, उठलं की दाबायचं. सात वाजता मी दुकानात असते, त्यामुळे घरी काय चालतं ते मला माहीतच नव्हतं.

"ते बाहेर गेले," आतून आईचा आवाज आला. अगदी शांत. "येतीनच आता."

मी भिंतीकडे पाहिलं. बाबांच्या फोटोचा हार तिनं कधी काढला होता कोण जाणे!

फाटकापाशी जाऊन मी अश्विनला खरं ते सांगितलं. बिचाऱ्याचं तोंडच उतरलं.

"माफ करा... मले खरंच माहीत नव्हतं. पण आता एक नंबर काढावा लागीन."

"नका न काढू."

"खोटं कसं लिहू?" तो थांबला. "आज काका भेटले नाही, एवढंच लिहितो. ते तर खरंच आहे. पुढच्या सोमवारी येतो."

"या. चहा मिळेल."

"रागानं देणार का चहा?"

"मी रागावलेली दिसते?"

"त्याच्यासाठी मीटर नाही लागत..." तो म्हणाला, आणि इतक्या दुःखात मला हसू आलं. मला माझाच राग आला.

तो सोमवारी आला. त्याच्या पुढच्या सोमवारीही आला — कधी वायर सैल, कधी रिमोटचे सेल. मीही सोमवारी दुकानातून लवकर निघायला लागले. कुलरमधल्या वाळ्याच्या ओल्या ताटीचा वास, स्टीलच्या कपातला चहा, आणि चहा घेताना माझ्या बोटांना लागू नयेत म्हणून फारच जपलेली त्याची बोटं... आई त्याला सीरियलमधली कोणती सून खरी, कोणती कपटी ते समजावून सांगायची. तोही शहाण्यासारखा मान हलवायचा.

मला त्या सीरियलची भारी चीड. दुकानात बायका अमक्या सुनेची तमक्या भागातली साडी मागतात. काय नेसायचं, कसं रुसायचं, कुणावर संशय घ्यायचा, सगळं त्या पेटीनं ठरवून दिलंय. पण तिनं माझ्या आईला काय शिकवलंय, ते मला चौथ्या सोमवारी कळलं.

"काकू," अश्विन हळूच म्हणाला, "बातम्या तुम्हीच लावता न?"

आईनं रिमोट मांडीवर ठेवला.

"लावते. काय चुकलं त्याच्यात? टीव्हीत तर मेलेला माणूस वापस येते. गाडी दरीत पडते, अन् दोनशे भागांनी दारात उभा राहते. मी तर तेव्हा दवाखान्यात, शुद्धीवरच नव्हती... मी कुठं पाहिलं त्याइले जाताना?"

मी रडायला लागले. एवढे महिने एका घरात राहून मी तिला हे विचारलंच नव्हतं.

नियम सांगायला आलेला अश्विन नियमाचं काहीच बोलला नाही. "माझ्या आईले बटण नव्हतं काकू," तो म्हणाला. "असतं तर मीही दाबलं असतं. रोज."

आईनं त्याच्याकडे पाहिलं. मग सातला बातम्या लावल्या, एक नंबर दाबला आणि आम्हा दोघांना बसवून घेतलं. साडेसातला तिनं डोळे पुसले.

"काढ आता," म्हणाली, आणि कपाटातला हार आणायला उठली.

फाटकापाशी तो म्हणाला, "पुढच्या खेपेले दुसरा माणूस येईन."

"काहून?"

"ओळखीच्या घरी जायचा नियम नाही. मी तसं लिहून दिलं साहेबांना."

"आपली ओळख कुठं आहे?" मी थट्टेनं म्हणाले.

"नाही?... मंग माझं लिहायचं चुकलं."

तो गेला. दिवसभर गिऱ्हाइकांशी बडबडणारी मी, पण त्याला साधं थांबवलंही नाही! दोन सोमवार कोरडे गेले. मी दुकानातून लवकर यायचं सोडलं नाही, एवढंच.

तिसऱ्या रविवारी सव्वासातला तो दारात उभा. खांद्याला बॅग नव्हती, गळ्यात कार्ड नव्हतं.

"ये गा, बस," आईनं रिमोट उचलला. "पाहुण्याचं बटण दाबते. वय किती लिहू?"

"सत्तावीस. पण माझं नाही चालत काकू. मी कंपनीचाच माणूस."

आईची सीरियल सुरू व्हायला आली होती. तिनं एकदा रिमोटकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे... आणि टीव्ही बंद केला.

"आई! तुझी सीरियल?"

"पळून चालली का ते? उद्या दाखवतेच न वापस."

घरात नुसता कुलरचा आवाज राहिला. बाबा मौद्याच्या विजेच्या प्लांटमधून यायचे तेव्हा डब्यात तिच्यासाठी जांभळं कशी आणायचे, शर्टाला डाग पाडून घ्यायचे, हे आई सांगत राहिली. मलाही ते ठाऊक नव्हतं. अश्विन पुढे झुकून ऐकत होता. आई इतक्या महिन्यांत पहिल्यांदा 'होते' म्हणाली — "तुमचे काका असे होते."

तो निघताना मी फाटकापर्यंत गेले.

"त्या दिवशी तुमचं लिहायचं चुकलं नव्हतं," मी म्हणाले. "ओळख आहे. अन्... मले तुम्ही आवडता. सोमवारची वाट पाहून थकली मी."

फाटकावरच्या माझ्या हातावर त्यानं हळूच हात ठेवला. या वेळी बोटं जपली नाहीत.

"मी तर पहिल्याच दिवशी फसलो मिनल. तुम्ही रागावल्या तेव्हाच."

"अश्विन!" आतून आईनं हाक मारली. "उद्या सातलेच ये गा. मी बातम्या नाही लावत."