राणीचा डावा हात

त्याने मला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मी राणीच्या गालाला थुंकी लावत होते.

ती राणी आहे हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. जुनी तैलचित्रं साफ करणं हे माझं काम. संग्रहालयाच्या तळमजल्यावर, अगदी मागे, उत्तरेकडे खिडकी असलेली आमची खोली आहे. चित्रावरची काजळी काढायला बाजारात नाना द्रावणं मिळतात, पण पहिला हात फिरवायला माणसाच्या लाळेइतकं सौम्य काही नाही. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि नखाएवढी जागा हळूच पुसायची. आमच्या धंद्यात सगळेच करतात. फक्त कुणी बघत असताना करत नाहीत.

"अहो… तुम्ही त्यांच्या तोंडावर थुंकताय?"

मी दचकून वळले. दारात एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. कोपरापर्यंत वाळलेली माती, केसांतही थोडी. डोळ्यांत मात्र हसू मावत नव्हतं.

"थुंकत नाहीये. साफ करतेय," मी शक्य तितक्या रुबाबात म्हणाले. "तुम्हाला कुठे जायचंय?"

"छापील चित्रांच्या विभागात."

"तो वरच्या मजल्यावर. जिना डावीकडे."

"बरं." पण तो हलला नाही. "माझी आईसुद्धा लहानपणी रुमालाला थुंकी लावून माझं तोंड पुसायची. मला मुळीच आवडायचं नाही. ह्यांना आवडतंय का, एकदा विचारून बघा."

रागवायला हवं होतं. मी हसले… आणि तिथेच माझं चुकलं.

तो मूर्तिकार होता. बाजारातल्या चौकात राणीचा ब्राँझचा पुतळा उभा राहायचा होता, आणि ते काम त्याला मिळालं होतं. राणी म्हणजे आपली डावखुरी राणी. शाळेच्या पुस्तकात, कॅलेंडरवर, वहीच्या कव्हरवर जिथे बघाल तिथे तीच. भुवया जुळलेल्या, ओठ घट्ट मिटलेले आणि डाव्या हातात तलवार. सात दिवस किल्ला लढवला, आणि डाव्या हाताचा वार समोरच्याला कळायचाच नाही म्हणून जिंकली, असं आम्ही सगळे पाठ करत मोठे झालो. तिची जुनी छापील चित्रं अभ्यासायला तो रोज दुपारी यायचा. आणि रोज दुपारी त्याची वाट चुकायची.

"त्या माणसाला एवढा मोठा जिना दिसत नाही का गं?" आमच्या विभागप्रमुख मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "डोळे तपासून घे म्हणावं."

तो मला 'डॉक्टर' म्हणायचा, माझ्या पांढऱ्या कोटावरून. मी त्याला 'मातीवाले' म्हणायचे.

"काय डॉक्टर, रुग्णाची तब्येत?"

"कपाळ झालं. आता नाक."

"नाव-गाव?"

"काही नाही. एक शाळा बंद पडली, तिच्या सभागृहातून आलंय. आमच्या रजिस्टरमध्ये 'अनोळखी स्त्री' एवढंच आहे."

"अनोळखी स्त्रियांशी माझं बरं जमतं," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता कापसाचा डबा सरळ करू लागला. डब्याला काही झालेलं नव्हतं. कान मात्र त्याचे लाल झाले होते.

एकदा तो पेन्सिलने काहीतरी खरडत होता. डाव्या हाताने. मी बघतेय हे त्याच्या लक्षात आलं.

"दुसरीत असताना मास्तरांनी हा हात बाकाला बांधला होता," तो सहज बोलावं तसं म्हणाला. "रुमालाने. उजव्याने लिहायची सवय लागावी म्हणून, आठवडाभर. घरी येऊन मी रडलो. आई कपडे शिवते. तिने कॅलेंडरचं पान टर्रकन फाडलं आणि मशीनच्या वर भिंतीला टाचलं. राणीचं. म्हणाली, 'बघ, हिचा हात कुणी बांधला होता का?'"

मी हातातली काडी खाली ठेवली.

"मग मी पहिल्यांदा माती घेतली ती राणीच करायला. दिसायची बटाट्यासारखी. पण तलवार डाव्या हातात होती." तो हसला. "आता समजलं ना, हे काम मला का हवं होतं?"

समजलं. आणखीही एक गोष्ट समजली, ती मी स्वतःशीच ठेवली. ह्या माणसाच्या प्रेमात पडायला मला आता कुणाच्या परवानगीची गरज उरली नव्हती.

पुढच्या रविवारी त्याने मला पुतळा बघायला बोलावलं. पुढच्या खोलीत त्याची आई शिवणयंत्रावर बसली होती, दातांत टाचणी. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तूच का गं ती थुंकीवाली?"

"आई!" आतून आवाज आला.

"अरे, तूच सांगितलंस ना! रोज जेवताना तेच तर ऐकते मी."

आत ओल्या फडक्यांखाली राणी उभी होती. नऊ फूट माती. त्याने एकेक फडकं उचललं आणि माझा श्वास अडकला. खांद्यापासून मनगटापर्यंत तो डावा हात असा काही ताणलेला, की आत्ता खाली येईल असं वाटावं. आरशासमोर उभं राहून स्वतःच्या हातावरून त्याने तो घडवला होता. तेच त्याचं काम करण्याचं तंत्र होतं. आधी स्वतः ती पोझ घ्यायची, कुठला स्नायू कुठे दुखतो ते बघायचं, आणि मग मातीला सांगायचं.

"कशी आहे?"

"सुंदर…" मी म्हणाले. "पण हसत का नाही?"

"राणी हसत नाही. एकाही चित्रात नाही."

"सात दिवस किल्ला लढवला म्हणजे काय जन्मभर कपाळाला आठ्याच?"

तो मोठ्याने हसला, पण आठ्या तशाच ठेवल्या. आठ दिवसांनी साचेवाले येणार होते. एकदा साचा निघाला की मातीचं काम संपलं. मग ब्राँझ, आणि ब्राँझ कायमचं.

मंगळवारी मी माझ्या अनोळखी बाईच्या मांडीपर्यंत पोचले. तिथे चित्रातल्या टेबलावर एक पत्र होतं. काजळी निघू लागली तशी अक्षरं दिसू लागली. मी कापूस बदलला. पुन्हा बदलला. शेवटची ओळ वर आली आणि मी स्टुलावर मटकन बसले. राणीचं नाव होतं, शिक्का होता. हुकुमाचा कागद होता तो. ही तीच बैठक, तीच तलवार, तोच गळ्यातला मोठा मणी. सगळी छापील चित्रं ज्याच्यावरून झाली ते मूळ चित्र माझ्यासमोर होतं.

आणि तलवार उजव्या हातात होती.

मॅडमनी भिंगातून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. चित्र छापायचं तर आधी ते तांब्याच्या पत्र्यावर कोरावं लागतं, आणि कागदावर ते उलटं उमटतं. म्हणून कोरणारा चित्र आरशात बघून उलटं कोरतो, की छापल्यावर सुलटं यावं. ह्या भल्या कारागिराने आरसा लावलाच नव्हता. जसंच्या तसं कोरलं, आणि पत्रावरची अक्षरं उलटी येतील म्हणून तिथे नुसत्या रेघा मारल्या. मग पुढच्याने त्याच्यावरून काढलं, त्याच्यापुढच्याने त्याच्यावरून. दोनशे वर्षं एका माणसाच्या आळसावर आम्ही धडे पाठ केले! ओठांच्या कडेला त्याची हत्यारं जरा जोरात चालली आणि तिथे राणीचा राग तयार झाला. खऱ्या चित्रात त्याच जागी हसू होतं. चित्रकार तिच्या समोर बसला होता हे त्या हसण्यावरूनच कळत होतं. 'अजून किती वेळ बसवणार आहात?' असं त्याला विचारून झाल्यावरचं हसू. किल्ला लढवलेली, हुकूम लिहिणारी, आणि तरी चित्रकाराची थट्टा करू शकणारी बाई. ती मला आधीपेक्षा कितीतरी जास्त आवडली.

"अहवाल आठ दिवसांत जाईल," मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या. "त्याला आधी तू सांग. पेपरात वाचायची वेळ त्याच्यावर आणू नकोस."

मी नाही सांगितलं. बुधवारी तो आला तेव्हा मी चित्रावर चादर टाकली.

"आज रुग्णाला भेटायची वेळ नाही?"

"विश्रांती सांगितलीय."

गुरुवारीही तेच. शुक्रवारीही. तो दारातून जाताना हात हलवायचा – डावा – आणि मी चादरीचं टोक नीट करत बसायचे. काय सांगायचं होतं मी त्याला? तुला ज्या चित्राने उभं केलं, ते एका कारागिराची चूक आहे? सोमवारी साचेवाले येणार होते. गप्प बसले तर खोटी राणी चौकात कायमची उभी राहणार होती. आणि सांगितलं, तर तो पुन्हा कधी वाट चुकणार नाही, ह्याची मला खात्री वाटत होती.

शनिवारी दुपारी तो आला आणि मी काही न बोलता चादर ओढली.

त्याने आधी चेहरा पाहिला. त्याचे डोळे लकाकले. "हसतायत… डॉक्टर, ह्या हसतायत!" मग नजर खाली गेली. पत्र त्याने मोठ्याने वाचलं, सगळं, शेवटच्या नावापर्यंत. आयुष्यभर साचे काढणाऱ्या माणसाला उलट-सुलट समजवावं लागत नाही. मग त्याने हात पाहिला. कितीतरी वेळ पाहिला.

"कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आज शनिवार आहे."

"हो…"

त्याने मान हलवली आणि तो गेला. 

रविवारी सकाळी मी त्याच्या दारात. त्याची आई मशीनवर.

"आत आहे," ती म्हणाली. "काल आला तसा त्याने राणीचा हात कापून काढला. तेव्हापासून पोटात अन्न नाही. तू काही खाऊन आलीस का?"

"नाही."

"वा. दोघंही शहाणी."

तो हात खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर पडला होता. मला एकदम रडू आलं.

"रडू नका," तो पाठमोराच म्हणाला. "चिखल आहे तो." राणीचा जुना उजवा हातही त्याने काढला होता; त्या खांद्याला नुसती लोखंडी सळई होती. आणि ओठ… ओठ त्याने बदलले होते. कडा वर गेल्या होत्या.

"मी लपवायला नको होतं," मी म्हणाले. "मला भीती वाटली."

"कसली?"

"तुम्ही यायचे बंद व्हाल ह्याची."

तो वळला. रात्र जागून काढल्यासारखा चेहरा झाला होता. "राग आला होता. तुमचा. तुम्ही चार दिवस हे एकट्या घेऊन बसलात, आणि मी मूर्खासारखा दारातून हात हलवत जात होतो, ह्याचा." मग जरा थांबून म्हणाला, "राणीचं दुःखही झालं. काल आईला सांगितलं, आता भिंतीवरचं ते पान काढावं लागेल. तर म्हणते कशी, 'मास्तरांशी भांडायला शाळेत मी गेले होते. राणी नव्हती गेली.'"

मी रडता रडता हसले.

"साचेवाल्यांनी बुधवारपर्यंत वेळ दिलाय. पण जमत नाहीये," तो म्हणाला. "उजव्या हाताने तलवार धरलेलं माणूस आतून कसं असतं, मला ठाऊकच नाही. माझा उजवा हात नुसता सोबतीला आहे." त्याने कोपऱ्यातला झाडूचा दांडा उचलला. "डॉक्टर, तुम्ही उभ्या राहाल?"

मी खोक्यावर चढले. दांडा वर धरला. त्याने लांबूनच सांगितलं, कोपर जरा वर, मनगट सैल. मग माती सळईवर बसू लागली, थप्प, थप्प. पाच मिनिटांत माझा खांदा भरून आला.

"दुखतंय?"

"खूप."

"कुठे?"

"इथे. खांद्याच्या मागे."

"छान!" तो म्हणाला, आणि नेमकं तिथे माती लावली. "दोनशे वर्षांनी लोक म्हणतील, राणीचं मनगट किती नाजूक होतं. कुणाला कळणारही नाही कुणाचं ते."

"म्हणजे पुन्हा खोटंच."

"हो. पण हे मी जाणूनबुजून करतोय." थप्प थप्प थांबली. "वळून बघू नका. बघितलंत तर मला बोलता येणार नाही."

"नाही बघत."

"मला…" एवढ्यावरच तो अडला. "मला तू फार आवडतेस. राणी डावखुरी असो, उजवी असो, मला उद्या दुपारी तुझ्या खोलीत यायचंय. परवाही. पुढेही. जिन्याचं निमित्त न करता."

तू म्हणाला तो. पहिल्यांदाच. 

"उत्तर?" तो हळूच म्हणाला.

"आधी खाली उतरू का?" मी म्हणाले. "तलवार उगारून 'हो' म्हटलं, तर बरं दिसणार नाही."

तो हसला, आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. मी खोक्यावरून उतरले ती थेट त्या मातीच्या हातांत. माझा पांढरा कुडता पार कामातून गेला. पुढच्या खोलीत शिवणयंत्र केव्हाचं थांबलेलं होतं, आणि कुणीतरी मुद्दाम खोकत होतं.

त्या दिवशी राणीचा हात काही पुरा झाला नाही.