शेख मुतवल्लींचे उघडे हात

या, अशा जवळ सरका. समुद्राचा वारा फार आहे, शब्द उडून जातील. आणि गोड गोष्ट जवळूनच ऐकावी.

अलेक्झांड्रियात हिवाळ्याचा पाऊस समुद्रावरून आडवा येतो. अशाच एका संध्याकाळी रदवा आपलं सहलबचं, म्हणजे गरम दाट दुधाच्या पेयाचं, दुकान बंद करून निघाली होती. केसांना तापल्या दुधाचा, दालचिनीचा वास, हातात बापाची जुनी काळी छत्री. तोच एक तरुण धावत आला नि न विचारता छत्रीत शिरला.

"अहो! छत्री काय सरकारी आहे?"

"हळू बोला... मागे माणसं लागलीयत."

"चोरी केलीत?"

"त्याहून वाईट. मालिकेत काम करतो."

तिनं मान वळवली. हातिम! ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं की अख्खा देश नाक पुसतो, तोच.

"पडद्यावर उंच दिसता," ती म्हणाली.

तो हसला. छत्री त्यानं हलकेच तिच्याकडे कलती केली. स्वतःचा खांदा मात्र भिजत राहिला... आणि कुणीतरी फोटो टिपला.

सकाळी तो फोटो घरोघरी. गल्लीत कुजबुज सुरू. दुपारी हातिमची व्यवस्थापक इंजीबाई दुकानात हजर. "रमजानात त्याची मालिका येतेय. तोवर तुमचं जमलंय म्हणू. ईद झाली की गुपचूप मोडू. तुझंही नाव राहील, पोरी."

बापाची मान खाली जाऊ नये म्हणून रदवा हो म्हणाली. पण बापाला ते सारं खरंच वाटलं, आणि काटा रुतला तो तिथंच.

मग किनाऱ्यावर दोघं फिरू लागली, मागे कॅमेरे.

"हसा, बघतायत," तो म्हणे.

"मी हसतेच आहे. तुम्हीच रडवे दिसताय!"

एके दिवशी कॅमेरे नव्हते, तरी तो आला. सहलबचा पेला दोन्ही हातांत धरून बसला.

"आज कोण बघतंय?" तिनं विचारलं.

"कोणी नाही... म्हणून तर आलो."

वाफ दोघांच्या मधे तरंगत राहिली. ईद फार लवकर येतेय, असं रदवाला उगीच वाटून गेलं.

आणि इंजीबाईनं रदवाच्या घरीच चित्रीकरण ठरवलं. रदवाचे वडील शेख मुतवल्ली मशिदीच्या अंगणात पैगंबरांची स्तुती गाणारे. आवाज असा की चाललेली पावलं थबकावीत. त्यांनी हातिमला शेजारी बसवलं नि दोन्ही हात उघडून समोर धरले. "चल बाळा, फातिहा म्हणू."

दोन घरांनी मिळून फातिहा, कुराणातली पहिली प्रार्थना, म्हटली की लग्नाचा शब्द दिला गेला. तो मोडत नाहीत. रदवानं इंजीबाईकडे पाहिलं.

"म्हण ना, एकच तर दृश्य घ्यायचंय," इंजीबाई हातिमच्या कानाशी कुजबुजली.

हातिमचे हात मांडीवरच राहिले. "शेखसाहेब... कॅमेऱ्यापुढे मी काहीही म्हणतो. हे नाही म्हणवत. आमचं जमलेलं नाही. सगळं खोटं होतं."

"सगळं?" रदवाच्या तोंडून निसटलं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तो उठला आणि छत्रीविनाच पावसात निघून गेला.

गल्ली आठवडाभर बोलत होती. शेख एका शब्दानंही लेकीला रागावले नाहीत.

शुक्रवारी दार वाजलं. हातिम, ओलाचिंब, सोबत त्याची आई आणि कुनाफ्याच्या मिठाईचं ताट. कॅमेरा नाही, इंजीबाई नाही.

"शेखसाहेब, तुमची मुलगी हो म्हणाली तर... आज फातिहा म्हणवेल."

शेख रदवाकडे वळले. "काय गं?"

"छत्री विसरलाय परत," ती पुटपुटली. "असा माणूस एकटा कसा सोडायचा, बाबा?"

शेख हसले नि त्यांनी हात उघडले. "त्या दिवसापासून मिटलेच नव्हते रे. रिकामे कसे मिटू?"

चौघांनी फातिहा म्हटली. आमीन सर्वांत आधी रदवा म्हणाली.

तर मंडळी, कधी तुमचे हात दुआसाठी उघडले, तर शेख मुतवल्लींचं नाव तेवढं आठवा.