आरशातली सवारी

नांदेडच्या हिंगोली गेटापाशी सिंधू रस्ता ओलांडून राहिली होती, आणि समोरून दयानंदचा ऑटो आला. हॉर्न ओळखीचा, पडदे ओळखीचे... पण हँडलवर बांगड्यांचे हात. दयानंद त्याच सीटवर अर्धा टेकलेला, अर्धा बाहेर, आणि त्याचा पंजा त्या बाईच्या बोटांवर. क्लच शिकवून राहिला होता म्हणे. क्लच काय बोटं कुरवाळून शिकवतात?

बाई म्हणजे मृण्मयी, पुण्याची नटी. सासर सोडून ऑटो चालवणाऱ्या बाईवर सिनेमा काढायला मंडळी नांदेडात उतरली होती. ऑटो दयानंदचा ठरला, आणि नटीचे ब्लाउज सिंधूच्या दुकानात शिवायला आले. मापं घेताना सिंधूनं टेप जरा आवळूनच धरली.

दोन वर्षं ती दयानंदच्या मागच्या सीटवर बसत आली होती. तो आरशातून बघायचा, ती ओढणी सावरायची — झालं, तेवढंच काय ते प्रेम. एकदा धीर करून म्हणाली, "मला बी शिकवा की चालवायला." तर हा म्हणतो, "तुम्ही मागंच बऱ्या दिसता... आरशात." तेव्हा वेडी लाजली होती.

आता ती पुण्याची चार दिवसांत "दया, दया" करायला लागली, आणि हिच्या तोंडातलं "तुम्ही" काही सुटंना.

शेवटच्या सीनला सिंधूला नदीकाठी बोलावलं, उसवलेली बाही टाचायला. सीन असा, की नवरा न्यायला येतो, खुशाल हँडलपाशी बसतो आणि बायको त्याला उत्तर देते. मृण्मयी म्हणाली, "माझ्या आयुष्याची चालक मीच आहे."

सिंधूनं दातातला दोरा तोडला. "असं कोण बोलतं ओ?"

"मग काय म्हणू?"

"सरक म्हणा. लई झालं."

नवरा झालेला नट अजून यायचा होता. मृण्मयीनं तालमीला दयानंदलाच बसवला आणि म्हणाली, "सरक." तो हसत सरकला. टाळ्या पडल्या. शब्द सिंधूचा, माणूसही तिचाच — आणि दोन्ही वापरून मोकळी झाली दुसरीच.

संध्याकाळी दयानंदनं मागची सीट झटकली. "बसा. लई दिवसांनी आमची सवारी आली."

"नटीला क्लच आला?"

"आला. तुम्हाला राग आला का?"

"न्हाई."

"मग तोंड का असं?"

ती मागं गेलीच नाही. पुढं येऊन उभी राहिली, ओढणी कमरेला खोचली.

"सरक."

दयानंदचे कान लाल झाले. "ही... तालीम हाय का?"

"मला शिकव. आणि परत कुणाची बोटं धरलीस, तर हात टाचून टाकीन."

"कशाला टाचशील?"

सिंधूनं हँडलवर हात ठेवला. "माझ्या हाताला."

तो सरकला. इतका, की पडता पडता राहिला.

सिनेमाची मंडळी गेली. सिंधूचा हात बसला. मग एक दिवस तिनं दयानंदला उठवून मागच्या सीटवर धाडलं आणि आरसा नीट त्याच्या तोंडावर वळवला.

"मी मागं?" तो कुरकुरला.

"मागंच बरा दिसतोस," ती म्हणाली, "आरशात."